आधी चाक हलवून बघा

जुना ट्रक ‘पूर्ण नवा केला’ असे कुणी सांगितले की मी विचारतो, किंगपिन बदलल्या का? त्यावर ‘मेकॅनिकने सगळं बघितलंय’ असे मोघम उत्तर येते आणि बोलणे ताबडतोब रंगावर वळते. किती हात दिले, ग्रिलला क्रोम कुठे चढवले, मागच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला पेंटर कुठून शोधून आणला. बोलणे वळते तितक्या सहज यांचे ट्रक वळत असते, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मी प्रामुख्याने टाटा-मर्सिडीजबद्दल बोलतो आहे. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले. १९६९ साली करार संपला, नाकावरचा तारा गेला, पण त्याच घराण्यातले १२१० मॉडेलचे ट्रक पुढेही वर्षानुवर्षे रस्त्यावर येत राहिले. ऊस, कांदा, वाळू, वऱ्हाड, सगळे त्यांनी वाहिले. आज ते हौसेची वस्तू झाले याचे मला वाईट वाटत नाही. भंगारवाल्याच्या अंगणापेक्षा हौशाची शेड बरी. पण बहुतेक हौशांना तो ट्रक फोटोपुरताच हवा असतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

या ट्रकचा पुढचा भाग समजायला पदवी लागत नाही. आडवा, घडीव पोलादाचा आय-बीम. त्याच्या दोन टोकांच्या डोळ्यांत उभ्या दोन किंगपिन. किंगपिनभोवती स्टब एक्सल फिरतो आणि स्टबवर चाक. स्टिअरिंग बॉक्सचा ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो, ती एका बाजूचे चाक वळवते, टाय रॉड दुसऱ्याला सोबत नेतो. बीमवर दोन्ही बाजूंना पाटे, यू-बोल्टने आवळलेले. संपले. इतक्या साध्या यंत्रणेची इतकी वाट लावायला खास प्रतिभा लागते आणि ती आपल्याकडे गल्लोगल्ली आहे.

या प्रतिभेचा सर्वात लाडका आविष्कार म्हणजे ‘बॉक्स टाइट करणे’. ट्रक रस्त्यावर भरकटतो म्हणून मालक गॅरेजात येतो. मेकॅनिक बॉक्सवरचा चेकनट सैल करतो, मधला स्क्रू थोडा आत घेतो, नट परत आवळतो. ‘घ्या साहेब, प्ले गेला.’ साहेब खूश. प्ले मुळात होता किंगपिनच्या बुशमध्ये, टाय रॉडच्या बॉलमध्ये, शॅकलच्या पिनमध्ये. तो सुखरूप तिथेच आहे. आणि बॉक्सचे काय झाले? ट्रक जास्तीत जास्त वेळ सरळ चालतो, म्हणून बॉक्सचे दाते मधोमध सर्वात जास्त झिजतात. ती झीज स्क्रूने लपवली की कडेचे न झिजलेले दाते वळणावर आवळून बसतात. मग घाटातल्या वळणावर स्टिअरिंग वळते खरे, पण हात सैल केल्यावर परत यायला तयार नसते. माझ्या ट्रकला एका गॅरेजने हेच करून दिले होते आणि बिलावर ‘स्टिअरिंग ओव्हरहॉल’ लिहिले होते. पाच मिनिटांच्या स्क्रूड्रायव्हरला ओव्हरहॉल म्हणायचे धारिष्ट्य वाखाणण्यासारखे आहे.

सरळ चालताना स्टिअरिंगचे आरे तिरके दिसतात म्हणून स्टिअरिंगचे चाक उपसून, दोन दाते सरकवून परत बसवणारे महाभागही आहेत. बॉक्सला स्वतःचा एक मध्य असतो आणि पकड तिथेच सर्वात घट्ट ठेवलेली असते. आरे सरळ करायचे तर खाली जाऊन ड्रॅग लिंक जुळवायची असते. पण खाली जायचे म्हणजे कपडे मळतात.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम सांगतो की स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या असाव्यात. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत. एवढे स्टिअरिंग फिरवा, पुढच्या चाकांना पत्ता लागला नाही तरी तुम्ही नियमात बसता! इतका उदार नियमही आपल्या चकचकीत ट्रकांना झेपत नाही.

दोष कुठे आहे हे शोधायला पैसे पडत नाहीत. एक्सलखाली जॅक लावा, चाक उचला, टायर वरून आणि खालून धरून हलवा. हलले, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर व्हील बेअरिंग ढिले आहे. ब्रेक दाबूनही चाक हलत राहिले तर किंगपिन संपली.

मग खरे काम सुरू होते आणि तिथेच खरा अडाणीपणा उघडा पडतो. किंगपिन एक्सलच्या डोळ्यात आडव्या लॉकपिनने धरलेली असते. ती आधी काढायची. न काढता थेट घण घालणारे मी पाहिले आहेत. पिनचे डोके फुलते, ती आणखी रुतते, मग गॅस येतो आणि घडीव एक्सलचा डोळा लालभडक होतो. कारखान्याने पोलादाला दिलेले पाणी एका दुपारीत उतरते. वाकलेला बीमही असाच तापवून सरळ करतात; तो थंडच, प्रेसखाली सरळ करायचा असतो आणि होत नसेल तर टाकून द्यायचा असतो.

नवे बुश दाबून बसवले की आतून रीमर मारावा लागतो. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत यायला हवा, म्हणून रीमर लांब आणि पायलटवाला हवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्याजवळ भोसरीत हे काम नेमके करून देणारे हात आजही सापडतात. तरी लोक पॉलिश पेपरने बुश घासून पिन ‘बसवतात’. बुशचे भोक ग्रीस निप्पलसमोर आले का, हे पाहायचे राहून जाते. ते चुकले तर पुढे आयुष्यभर मारलेले ग्रीस दारातच अडते. थ्रस्ट बेअरिंगची जागा एक्सलच्या डोळ्याच्या खालच्या अंगाला, कारण पुढचे वजन तिथे टेकते. मी ते वरच्या अंगाला घातलेले पाहिले आहे, जिथे त्याला कायमची भरपगारी रजा मिळते. आणि ग्रीस मारताना एक्सल उचलून चाके लोंबू द्यावीत, तरच ते थ्रस्टच्या फटीत शिरते.

पाट्यांबद्दल थोडक्यात. बसलेले पाटे ज्योतीवर तापवून कमान देणे आणि वर काळा रंग फासणे ही फसवणूक आहे. यू-बोल्ट नवेच लावावेत आणि थोडे चालवून पुन्हा आवळावेत. नायलॉन टायर काढून रेडियल घातले असतील तर कास्टर, म्हणजे किंगपिनचा पुढे-मागे कल, मोजून घ्यावा. व्हील अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी. झिजलेल्या किंगपिनवर केलेले अलाइनमेंट गॅरेजच्या फाटकापर्यंत टिकते.

याहून वरच्या दर्जाचे मूर्ख म्हणजे सुधारक. अमेरिकेत १९५३ ते १९५६ च्या फोर्ड एफ-१०० पिकअपखालचा आय-बीम काढून त्या जागी मस्टँग-टू या छोट्या मोटारीच्या धर्तीचे पुढचे सस्पेन्शन बसवायची जुनी चाल आहे. मला ती आवडत नाही, पण तिथे निदान त्या चॅसीसाठी मोजून बनवलेले क्रॉसमेंबर मिळतात. आपल्याकडे त्याचे व्हिडिओ बघून, जी मिळेल त्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन जुन्या पिकअपला वेल्ड करतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफाराला आडवे येते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी असेल तर गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चॅसी कापून झाल्यावर ‘वारसा जपतोय’ म्हणणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

‘पण आमचा ट्रक वर्षातून एकदाच, रॅलीपुरता निघतो,’ ही शेवटची पळवाट. त्याच दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना पोरेबाळे घेऊन माणसे उभी असतात. आणि वर्षभर उभ्या ट्रकच्या किंगपिनमधले ग्रीस सुकते, गंज धरतो. न चालल्याने पुढचा भाग नवा राहत नाही. खर्चाचे रडगाणे तर मला ऐकवूच नका. दोन्ही बाजूंच्या किंगपिन, बुश, टाय रॉड एंड आणि मजुरी हे सगळे मिळून त्या रंगाच्या बिलाचा छोटासा तुकडा होतो.

रॅलीच्या आयोजकांना माझी मागणी आहे. परीक्षकांच्या हातात रंग बघायच्या टॉर्चऐवजी जॅक द्या. प्रत्येक ट्रकचे पुढचे चाक उचलून हलवून बघा. ज्याचे हलेल त्याला बक्षीस राहू द्या, त्याला मैदानातून ट्रेलरवर घालून घरी पाठवा.