मेलेल्या माणसाची हजेरी

बोगस हजेरी कशी लागते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मस्टरवर 32 नावं, स्लॅबवर 26 माणसं. बिल 32 जणांचं निघतं आणि उरलेल्या सहा जणांचं काम 26 जणांच्या कमरेवर येतं. म्हणून काम मोजणारा आणि बिल लावणारा एकच माणूस नसावा, हा साइटवरचा साधा नियम.

ब्रिटनच्या सरकारने तुरुंगखात्यात हाच नियम मोडला. सुटलेल्या कैद्यांच्या पायाला इलेक्ट्रॉनिक टॅग लावायचं कंत्राट जीफोरएस आणि सर्को या दोन कंपन्यांकडे होतं. बिल कंपनी लावायची, सरकार भरायचं, मधे नीट तपासणारं कुणी नव्हतं. 2013 मध्ये हिशेब उघडला तेव्हा कळलं की मेलेल्या माणसांचे, देश सोडून गेलेल्यांचे, परत तुरुंगात गेलेल्यांचेही पैसे लावले होते. सर्कोने 6.85 कोटी पौंड परत दिले, जीफोरएसने जवळपास 10.9 कोटी. पुढे दंडही झाला. आणि 2024 मध्ये टॅगचं काम परत कुणाला मिळालं? सर्कोलाच! आपल्याकडे ब्लॅकलिस्ट झालेला ठेकेदार मेहुण्याच्या नावाने तरी परत येतो, इथे तेवढेही कष्ट नाहीत.

आपण कुठे चोऱ्या केल्यात, आपला काय संबंध, असं वाटेल. पण स्पॉन्सरचं लायसन्स रद्द झालं की नवा स्पॉन्सर शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. नाही जमलं आणि मुदत उलटूनही राहिलात, तर कधीही उचलू शकतात. मग ज्या डिटेन्शन सेंटरमध्ये ठेवतात, ते बहुतेक वेळा खासगी कंपनीच चालवते. तिथे झाडलोट, स्वयंपाकघराचं काम करायचं तर मजुरी तासाला साधारण 1 पौंड. किमान वेतनाचा कायदा तिथे लागू नाही.

गॅटविक विमानतळाला लागून असलेलं ब्रुक हाउस आठवा. जीफोरएस चालवत होती. 2017 मध्ये दोन माणसांच्या खोल्यांत तिसरी खाट टाकून 60 जागा वाढवल्या. शंभरावर माणसांच्या विंगवर कधी कधी दोनच अधिकारी असायचे. दोन माणसांनी शंभर माणसं सांभाळायची म्हणजे काय, हे गर्डरखाली दोनच जॅक लावून पाहिलेल्याला विचारा. त्याच वर्षी तिथल्याच एका तरुण कर्मचाऱ्याने लपवून केलेलं चित्रीकरण बीबीसीने दाखवलं. अधिकारी कोंडलेल्यांना मारत होते, शिव्या देत होते.

खरी मेख पुढे आहे. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2019 मध्ये हे कंत्राट तपासलं. 2012 ते 2018 मध्ये कंपनीचा ढोबळ नफा 1.43 कोटी पौंड. आणि मारहाण-शिवीगाळ ही कंत्राटातल्या दंडाच्या कलमांत नीट बसतच नव्हती! म्हणजे माणसाला मारलं तरी बिलातून फारसं काही कापलं जात नव्हतं. आपल्या सेफ्टी ऑफिसरने असा करार सही केला असता तर दुसऱ्या दिवशी घरी गेला असता.

केट ईव्ह्स यांच्या चौकशीचा अहवाल 2023 मध्ये आला. अमानुष वागणुकीच्या 19 घटना, 33 शिफारशी. त्यातली महत्त्वाची म्हणजे कुणालाही 28 दिवसांपेक्षा जास्त कोंडू नका. सरकारने ती नाकारली. खुनाच्या आरोपीलाही तारीख असते, व्हिसा संपलेल्याला नाही.

सगळं सरकारकडे गेलं की सुटलं, असं मी म्हणत नाही. बर्मिंगहॅमचा तुरुंग 2018 मध्ये जीफोरएसकडून काढून घ्यावा लागला हे खरं, पण सरकारी तुरुंगांतही 2010 नंतर माणसं कापली गेली आणि हाल झाले. मागणी साधी आहे. ड्यूटीवर किती माणसं हजर होती, याचा रोजचा आकडा कंत्राटदाराने नाही, बाहेरच्या माणसाने मोजावा आणि जाहीर करावा. मारहाणीला दंड लावावा, तोही नफ्याला चावेल एवढा.

तोवर एक माहिती जवळ ठेवा. प्रत्येक सेंटरमध्ये स्वतंत्र देखरेख मंडळाचे स्वयंसेवक येतात. ते कंपनीचे नसतात. त्यांना अर्ज देता येतो, एकांतात भेटता येतं. जामिनासाठी ट्रिब्युनलकडे स्वतःही अर्ज करता येतो. रूमवरच्या ज्या पोराचा व्हिसा संपत आलाय, त्याला हे आजच सांगा.