‘द ग्रँड सोफी’ आणि निर्दोष करमणुकीचे थोतांड

रंजक कादंबरीविषयी आपल्याकडे दोन मते प्रचलित आहेत. एका पक्षाचे पंडित म्हणतात, असली पुस्तके विद्वानांनी हाती धरण्याच्या योग्यतेचीच नव्हेत. मग त्यांच्या गुणदोषांची चर्चा करावयाची कशास? दुसऱ्या पक्षाचे रसिक म्हणतात, ही निव्वळ करमणूक. हिला टीकेची कसोटी लावणे म्हणजे मोगऱ्याचे फूल अडत्याच्या काट्यावर तोलणे होय. पहिला पक्ष न वाचताच निकाल देतो, दुसरा वाचूनही निकाल टाळतो. आमचे भांडण ह्या दोघांशीही आहे, आणि त्या भांडणातील पुरावा म्हणून जॉर्जेट हेयर ह्या इंग्रज लेखिकेची ‘द ग्रँड सोफी’ (१९५०) ही कादंबरी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाल्यामुळे १८११ पासून १८२० पर्यंत युवराजाने राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. हाच रीजन्सीचा काळ. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्या ह्याच काळात प्रसिद्ध झाल्या. पण ऑस्टेन त्या काळात नांदत होती, आणि हेयरबाईंना (१९०२-१९७४) तो टिपणवह्यांतून उभा करावा लागला. घोडागाड्यांचे प्रकार, पोशाखांचे घाट, क्लबांचे शिरस्ते, त्या वेळच्या छानछोकी तरुणांची बोली हे सारे त्यांनी दप्तरखान्यातील कारकुनाच्या चिकाटीने जमविले. आज जिला रीजन्सी प्रणयकथा म्हणतात, तिची घडण मुख्यतः त्यांचीच; पुढे आलेल्या शेकडो लेखिका त्यांच्याच गिरणीतील पीठ मळीत बसल्या आहेत.

प्रथम सुखाचा हिशेब चुकता करू. सोफी ही एका राजदूताची मातृहीन कन्या. आमच्या वाचकांस असईच्या रणामुळे (१८०३) परिचित असलेला वेल्स्ली पुढे वेलिंग्टन झाला; त्याच्या युरोपातील फौजेच्या अधिकाऱ्यांत ही मुलगी लहानाची मोठी झाली. वॉटर्लूच्या लढाईनंतर ती लंडनमध्ये आत्याच्या घरी राहावयास येते, ती माकड, पोपट, कुत्री आणि घोडा असा सगळा लवाजमा घेऊनच. आत्याच्या घरात यजमान जुगारी आहे, थोरला मुलगा चार्ल्स घराचे कर्ज फेडता फेडता कडवट झाला आहे, आणि त्याची वाग्दत्त वधू युजेनिया ही उपदेशाचा अखंड झरा आहे. एके दिवशी ही युजेनिया सोफीस ऐकविते की, आपले शील इतके सर्वमान्य आहे की आपण सोबत असल्यास सोफीचीही अब्रू सांभाळली जाईल. सोफी गंभीरपणे आभार मानते आणि गाडी सरळ सेंट जेम्स रस्त्यावर घालते. त्या रस्त्यावर पुरुषांचे क्लब होते, खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांस न्याहाळणारे शौकीन होते, आणि कुलीन स्त्रीने तेथून जाणे निषिद्ध होते. उपदेशकाच्या शब्दानेच उपदेशकाला बांधण्याचा हा विनोद आम्हांस पुन्हा वाचतानाही तितकाच आवडला. शेवटी एका पावसाळी रात्री साऱ्या पात्रांस एका आडगावच्या वाड्यात कोंडून चुकलेल्या जोड्या मोडणे व जुळविणे लेखिकेने ज्या सफाईने साधले आहे, ती सफाई आमच्या कित्येक नामांकित नाटककारांस साधलेली नाही. हे ज्यांना क्षुद्र वाटते, त्यांनी असे एक प्रकरण लिहून दाखवावे.

आता दुसरा हिशेब. चार्ल्सचा धाकटा भाऊ ह्यूबर्ट ऑक्सफर्डात शिकतो आणि कर्जात बुडतो. त्याने ज्याच्याकडून पैसे घेतले तो सावकार गोल्डहँगर हा ज्यू आहे. सोफी पिस्तूल घेऊन एकटीच त्याच्या बिऱ्हाडी जाते, मुद्दल त्याच्यापुढे टाकते आणि रोखा व गहाण अंगठी सोडवून आणते. प्रसंग धैर्याचा आहे, पण त्यात लेखिकेने रंगविलेला सावकार मनुष्य नव्हे. तेलकट केस, बाकदार नाक, लाळघोटी नम्रता आणि जातिस्वभाव म्हणून सांगितलेला लोभ अशी युरोपच्या ज्यूद्वेषाची सारी जुनी सामग्री तेथे एकत्र मांडली आहे. पुस्तकातील प्रत्येक मूर्खास लेखिकेने काही ना काही स्वतःचे दिले आहे, स्वप्नाळू कवीलासुद्धा. फक्त ह्या एकास तिने बाजारातून तयार मुखवटा आणून चढविला.

ह्यावर रसिकांचे उत्तर ठरलेले असते: ‘तो काळच तसा होता.’ आम्ही विचारतो, कोणता काळ? कथेचा, तर त्या काळच्या लंडनात डॅनियल मेंडोझा हा ज्यू मुष्टियोद्धा होऊन गेला. त्याने १७८९ साली मुष्टियुद्धावर ग्रंथ लिहिला, आणि १७९५ साली जॅक्सनने त्याला हरविले ते त्याचे केस मुठीत धरून. त्याच जॅक्सनच्या बाँड रस्त्यावरील तालमीत रीजन्सी कादंबऱ्यांचे नायक घाम गाळतात. मर्टनला नेल्सनचा शेजारी आणि स्नेही होता तो अब्राहम गोल्डस्मिड हा ज्यू पेढीवाला. आणि ज्या फौजेच्या सहवासात सोफी वाढली, तिच्यासाठी १८१४-१५ साली सोने जमविले ते नेथन रॉथशिल्डने. गाडीच्या चाकापर्यंत अचूक असणाऱ्या लेखिकेस हे शोधणे अवघड नव्हते. की काळ म्हणजे लेखनाचा काळ? मग तर बचाव अधिकच लंगडा पडतो. एप्रिल १९४५ मध्ये इंग्रज फौजेने बर्गेन-बेल्सेनची छावणी मुक्त केली, आणि तेथील प्रेतांच्या राशींचे चित्रपट इंग्लंडच्या चित्रगृहांतून दाखविले गेले. ही कादंबरी त्यानंतर पाच वर्षांनी निघाली.

परंतु आमचा मुख्य आक्षेप ह्याहून खोल आहे. हे वर्णन म्हणजे चांगल्या वस्त्रावर पडलेला डाग, असे मानणारे चुकतात. ती ह्या वस्त्राची शिवण आहे. पाहा: घर बुडविले कोणी? जुगारी बापाने. कर्ज काढले कोणी? उधळ्या मुलाने. त्या वर्गाची नीती अशी की, जुगाराचे देणे ते प्रतिष्ठेचे आणि म्हणून तात्काळ फेडावयाचे. शिंप्याचे बिल मात्र वर्षानुवर्षे थकले तरी चालेल. ही नीती कादंबरीने उघडी पाडली असती, तर वाचकास बापलेकांवर इतक्या मायेने हसता आले नसते. म्हणून साऱ्या व्यवहाराची घाण वाहण्यास एक परका लागला. कायदा अडीअडचणीत पाच टक्क्यांहून अधिक व्याज घेऊ देत नव्हता (तो १८५४ साली रद्द झाला). तेव्हा उधळ्या सरदारपुत्रास पैसा मिळे तो चोरवाटेनेच. ज्या ऑक्सफर्डात ह्यूबर्ट शिकतो, तेथे १८५४ पर्यंत धर्मशपथेमुळे ज्यूला प्रवेश नव्हता. पार्लमेंटात १८५८ पर्यंत नव्हता. दारे आपणच बंद करावयाची आणि उरलेल्या वाटेने जाणाऱ्यास त्याच वाटेबद्दल हिणवावयाचे, हा त्या समाजाचा न्याय. आणि सोफीच्या धीटपणावर टाळ्या पिटताना आपणही त्या न्यायासनावर जाऊन बसतो.

२०२३ साली अमेरिकेत निघालेल्या नव्या आवृत्तीत ह्या प्रसंगातील ज्यूद्वेषी मजकुरास कात्री लावण्यात आली. हेतू चांगला असेल, पण उपाय आम्हांस मान्य नाही. शब्द गेले, तरी ज्या गरजेने ते आले ती गरज कथेत तशीच राहिली; शिवाय मृत लेखिकेला तिने न मिळविलेली निर्मळता फुकट मिळाली, आणि वाचकाचा न्याय करण्याचा अधिकार प्रकाशकाने आपल्याकडे घेतला. पुस्तक लिहिले गेले तसेच छापावे. त्यापुढे चार पाने स्पष्ट प्रस्तावना जोडावी आणि वाचकास प्रौढ समजावे.

हे दूरच्या इंग्लंडचे प्रकरण म्हणून मराठी वाचकाने निश्चिंत होऊ नये. आमच्या नाटकांतून आणि बोलपटांतून मोडकी मराठी बोलणारा, वही काखेत मारलेला परप्रांतीय सावकार किती वेळा आला आणि आपण किती वेळा हसलो, हे ज्याचे त्याने आठवावे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात कर्जरोखे जळाले, त्यामागे अमेरिकेतील युद्ध संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव होता, सरकारने वाढविलेला शेतसारा होता आणि सावकाराच्या बाजूने चालणारी कोर्टे होती. सावकाराचा जुलूमही खराच होता. पण रंगभूमीवर त्या साऱ्यातून उरले काय, तर एक बोलण्याची लकब आणि एक पगडी.

‘द ग्रँड सोफी’ वाचूच नये, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा मनापासून हसलो. त्या हसण्याबद्दल आम्हांस लाज वाटत नाही. लाज वाटते ती ह्याची की, पहिल्या वाचनात गोल्डहँगरच्या प्रकरणापाशीही आमचे हसू थांबले नव्हते.