दोनशे चौदावा डोंगर

वैद्यकीय महाविद्यालयातील माझा एक वर्गमित्र गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याचा दूरध्वनी आला. ‘दोनशे तेरा झाले. शेवटच्याला तू हवास,’ एवढेच तो म्हणाला. मुलीकडे लंडनला जाण्याचे आमचे ठरलेलेच होते, म्हणून मी होकार दिला. चढ सोपा आहे, असेही त्याने सांगितले होते.

उत्तर इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशात डोंगराला ‘फेल’ म्हणतात. (आपल्याकडे हा शब्द निकालाच्या दिवशी कानी पडतो. त्यामुळे ‘काल दोन फेल झाले’ असे तो सांगू लागला की माझ्या मनात अजूनही प्रथम शरीररचनाशास्त्राची तोंडी परीक्षा उभी राहते.) केंडल या गावच्या नगरपालिकेत खजिनदार असलेल्या आल्फ्रेड वेनराइट यांनी १९५२ मध्ये या डोंगरांची सचित्र मार्गदर्शिका लिहावयास घेतली. ते मोटार चालवीत नसत. सुटीच्या दिवशी बसने जावे, डोंगर चढावा आणि संध्याकाळी घरी बसून नकाशे, रेखाटने व मजकूर स्वहस्ते पानावर उतरवावा, असा त्यांचा क्रम होता. १९५५ ते १९६६ या काळात सात खंड प्रसिद्ध झाले. त्यांत २१४ डोंगर आहेत. ते सगळे चढून जाण्याचा संकल्प आज असंख्य माणसे करतात. कोणी तो एका वर्षात पुरा करतो, कोणाला अर्धे आयुष्य लागते. माझ्या मित्राला सतरा वर्षे लागली.

इंग्लंडमधील सर्वांत उंच असा ९७८ मीटरचा स्केफेल पाइक त्याने तिसऱ्याच वर्षी चढून टाकला होता. शेवटी राहिला तो हॅलिन फेल. त्याची उंची अवघी ३८८ मीटर. मार्टिनडेल येथील चर्चपाशी गाडी लावली की वर जेमतेम १६० मीटरचा चढ उरतो आणि वाटही रुंद, हिरवळीची. हा डोंगर त्याने पहिल्या वर्षापासून हेतुपुरस्सर मागे ठेवला होता. त्याच्या पत्नीचे गुडघे तेव्हापासूनच दुखत असत आणि शेवटच्या माथ्यावर त्यांना सोबत न्यावयाचे, हे त्याने तेव्हाच ठरविले होते.

मध्यंतरी हा संकल्प तेथेच संपावयाचा होता. एकशे अठ्ठाविसावा डोंगर ग्रेट गेबल. तो चढताना छातीच्या मध्यभागी जळजळ आणि जबड्याखाली जडपणा जाणवला. थांबला की पाच मिनिटांत नाहीसा होई, चालू लागला की परत येई. रोज रुग्णांना भूल देण्यापूर्वी हाच प्रश्न विचारणाऱ्या या गृहस्थाने त्याला आम्लपित्त ठरविले आणि पंधरा दिवस गोळ्या घेतल्या. अखेर वहिनींनी त्याला जवळजवळ ओढतच रुग्णालयात नेले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट घालावा लागला. त्यानंतरचे पहिले आठवडे सपाट रस्त्यावर, घड्याळ लावून, पाच-पाच मिनिटे वाढवीत चालण्यात गेले. त्या काळात वहिनी म्हणाल्या होत्या, ‘तो सोपा डोंगर आत्ताच करून टाका आणि पुरे करा.’ त्याने ते ऐकले नाही. एकशे एकोणतिसावा डोंगर गाठावयास त्याला आणखी अकरा महिने लागले.

जूनमधील त्या सकाळी आम्ही सातजण निघालो. वहिनींच्या एका गुडघ्याचे प्रत्यारोपण झालेले आहे. त्या दोन काठ्या घेऊन, लहान पावले टाकीत, एकसारख्या गतीने चालत होत्या. मित्राची पाच वर्षांची नात मेंढ्यांमागे धावत होती. आणि मी, रोज दहा-बारा रुग्णांना ‘अर्धा तास भरभर चाला’ असे लिहून देणारा डॉक्टर, त्या १६० मीटरमध्ये तीन वेळा थांबलो. पहिल्यांदा छायाचित्र काढण्याच्या निमित्ताने, दुसऱ्यांदा बुटाची नाडी बांधावयास. तिसऱ्यांदा निमित्त सुचले नाही.

मित्र मागे आला आणि सहज म्हणाला, ‘अरे, ते चर्च किती साली बांधलं ते सांग बघू.’ फलक मी खाली वाचला होता. उत्तरही ठाऊक होते, पण एक वाक्य सलग बोलता येईना. तो काय तपासत होता ते मला उमगले. मध्यम गतीच्या व्यायामात माणसाला बोलता यावे, गाता येऊ नये. दोन शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागत असेल तर श्रम आवाक्याबाहेर गेले, असे समजावे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी श्रमातही फारशी वाढत नाही. अशांना मनगटावरील यंत्रापेक्षा ही कसोटी अधिक उपयोगी पडते.

‘छातीत काही?’ त्याने विचारले. काही नव्हते. पण मला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली आहेत आणि मधुमेहात हृदयाचे दुखणे छातीत न दुखता केवळ दम लागण्याच्या रूपाने येऊ शकते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. तो दुसरे काही बोलला नाही. माझ्या गतीने चालू लागला.

माथ्यावर दगडांचा एक उंच, चौकोनी, घडीव मनोरा आहे. खाली अल्सवॉटर सरोवर पसरलेले दिसते. त्यातील वाफेच्या नावेने जुने नाव अजून सोडलेले नसले, तरी ती आता डिझेलवर चालते. पेढे साताऱ्याहून मी नेले होते. वहिनींनी मनोऱ्याला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

उतरताना काठ्या थोड्या लांब कराव्यात, हे त्यांनीच मला शिकविले. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन आवरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते त्यामुळे, चढामुळे नव्हे. गुडघ्याच्या वाटीवरील भारही उतरतानाच अधिक असतो. माझे रुग्ण ‘चढताना बरे वाटले, उतरताना दुखले’ असे सांगत, तेव्हा मी हे केवळ पुस्तकातून जाणत होतो.

परतल्यावर आठवड्याभरात मी ताणचाचणी करून घेतली. करणार असे त्याला वचन दिले होते आणि तो रोज विचारीत होता. आलेखात रक्तपुरवठा अपुरा असल्याची खूण निघाली नाही. घरी सर्वांना हायसे वाटले. परंतु सरकत्या पट्ट्यावर मी सहा मिनिटांपुढे टिकलो नव्हतो, आणि माझ्या वयाला ही क्षमता कमीच होय. हृदयरोगतज्ज्ञांनी अहवाल हाती देताना त्या ओळीखाली रेघ ओढली होती. कमी क्षमता हा स्वतःच एक धोका असतो, हे मी याच स्तंभात पूर्वी लिहिले आहे. बहुधा खुर्चीत बसून.

ऑगस्टपासून आठवड्यातून चार दिवस पहाटे अजिंक्यतारा चढतो. मधुमेहाच्या गोळीमुळे साखर एकाएकी उतरू नये म्हणून खिशात ग्लुकोजची पुडी ठेवतो आणि घरी आल्यावर तळपायांवर फोड आहेत का ते पाहतो. आरंभी चार वेळा थांबावे लागे, सध्या एकदा थांबतो. वाटेत रुग्ण भेटतात आणि बोलू पाहतात. मी उत्तर देतो, थोडे उशिरा.

माथ्यावर काढलेले छायाचित्र दवाखान्यात लावले आहे. त्यात सगळे उभे आहेत आणि मी एका दगडावर बसलेलो आहे. ‘डॉक्टर, तुम्हीच का बसलात?’ असे कोणी ना कोणी विचारतेच.