खिडकी अडली, म्हणून बदलायची?

ॲल्युमिनियमची सरकती खिडकी अडायला लागली, की ‘आता नवीनच बसवा’ असं सांगणारे बरेच भेटतात. पण मैत्रिणींनो, ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. झिजतात ती तळाची छोटी चाकं! आधी पट्टीतली माती ब्रशने काढा, पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. तेल नको, त्याला धूळ चिकटते, मेणबत्ती घासा. तरीही अडतेच? मग दोघींनी मिळून काचेची चौकट वर उचलून आत घ्या आणि जुनं चाक दाखवून हार्डवेअरच्या दुकानातून तसंच आणा. वरच्या मजल्यावर मात्र कारागीरच बोलवा. पण ‘खिडकी नको, चाकं बदला’ हे त्याला आपणच ठणकावून सांगायचं. घरखर्चाचा हिशोब आपण ठेवतो, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायला संकोच कसला?