कार्ड तिचं, खर्च घराचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक शिक्षिका आली. तक्रार मारहाणीची नव्हती, सोडचिठ्ठीचीही नव्हती. पर्समधून तिने क्रेडिट कार्डाचं बिल काढलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. 60,000 रुपये. खासगी शाळेने तीन महिने पगार थकवला होता. तेवढ्या काळात किराणा, मुलाची फी, सासऱ्यांची औषधं आणि नवऱ्याच्या दुकानाचा थोडा माल, सगळं तिच्या कार्डावर गेलं. घरात कुणालाच आकडा ठाऊक नव्हता. पगार सुरू झाला की फेडीन, असं तिने धरलं होतं. पगार सुरू झाला, कर्ज मात्र हललं नाही.

कारण ती दरमहा बिलावरची ‘किमान रक्कम’ भरत होती. ती भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. (हे तुम्हा-आम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?) तिच्या कार्डाचं व्याज महिना शेकडा साडेतीन. 60,000 वर 2,100 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 378. भरलेल्या 3,000 पैकी मुदलात गेले फक्त 522. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. बचत गटात शेकडा दोनने पैसे द्यायचे तर आपण दहा बायकांसमोर कारण विचारतो. इथे कुणी काही विचारत नाही, म्हणून ते सोपं वाटतं.

हा पांढरपेशा बायकांचा प्रश्न, असं म्हणून आपण तो बाजूला ठेवत आलो. मला ते पटत नाही. खर्च घराचा असेल तर कर्जही घराचंच. बँकेच्या लेखी मात्र ते जिच्या नावावर कार्ड, तिचं एकटीचं. म्हणून आकडा घरात सांगायचा, हे पहिलं काम. त्यालाच तिला दोन आठवडे लागले.

सांगितल्यावर नवरा सहज म्हणाला, “तुझ्या पाटल्या मोडू.” पाटल्या हे स्त्रीधन. त्यावर मालकी तिचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच स्पष्ट केलं आहे. मोडायच्या की नाही हे तिने ठरवायचं. तिने नाही म्हटलं. दुकानाच्या मालाचे पैसे नवरा दरमहा देईल, असं वहीत लिहून घेतलं. कार्ड वापरणं थांबवलं आणि बाकीचे कमी व्याजाने हप्ते पाडून द्यावेत, असा अर्ज बँकेला दिला. तोंडी नव्हे, लेखी. पोच घेऊन.

मधल्या काळात वसुलीवाल्याने शाळेच्या ऑफिसात फोन केला, रात्री नऊला घरीही केला. ती घाबरली, तुरुंगात टाकतील म्हणून. कर्ज थकणं ही दिवाणी बाब आहे, गुन्हा नाही (दिलेला चेक वटला नाही तर गोष्ट वेगळी). सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बँकांना बजावलं आहे. आधी बँकेकडे तक्रार करायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिने फोनच्या तारखा आणि वेळा लिहून तक्रार दिली. फोन थांबले.

गटाच्या पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीबरोबर हे बिलही आणायला सांगा. कुणी आणणार नाही पहिल्यांदा. दुसऱ्यांदाही सांगा.