मानेतली न दुखणारी गाठ

कानाखाली किंवा जबड्याखाली गाठ दिसली की आपल्याकडे आधी गालगुंड आठवते. लेप लावला जातो. गाठ दुखत नसेल तर ती अंगावरच काढली जाते. धोका नेमका इथे आहे.

कानापुढच्या लाळग्रंथीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण गाठ वाढत असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडत असेल किंवा मानेतही गाठी हाताला लागत असतील, तर थांबणे परवडणारे नाही. लाळग्रंथी असो वा तोंड, कर्करोगाच्या पेशी पसरू लागल्या की बहुधा आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये शिरतात. तोंडाच्या कर्करोगात असे झाले की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते.

लाळग्रंथीचा कर्करोग विरळा. तोंडाचा मात्र खर्रा-तंबाखूमुळे विदर्भाच्या ओळखीचा. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते, मानेत गाठ लागत नव्हती. निम्म्यांच्या लसिकाग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या. उरलेल्यांच्या, गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के, तर दुसऱ्यातले 67.5 टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे गाठ दिसेपर्यंत थांबण्याची किंमत शंभरात बारा जीव! लाळग्रंथीच्या कर्करोगाला हाच नियम सरसकट लागू होत नाही. तिथे गाठीचा प्रकार आणि आकार पाहून निर्णय होतो. पण मान तपासल्याशिवाय उपचार ठरवता येत नाहीत, हे दोन्हीकडे सारखेच.

‘सुई टोचली की कर्करोग पसरतो’ ही भीती अजून गावोगावी आहे. बारीक सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीने आजार पसरत नाही. उशिराने मात्र पसरतो. तीन आठवड्यांहून जुनी गाठ डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. वाशिम जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत तोंडात बॅटरी मारतानाच मानेवरूनही हात फिरवावा. त्याला यंत्र लागत नाही की पैसा. लागते एक मिनिट. आणि संशयित रुग्णाला नुसती चिठ्ठी देऊन अकोला-नागपूरला धाडू नये. तो तिथे पोहोचला की नाही, याचीही विचारपूस व्हावी. मोठी शस्त्रक्रिया शहरातच होईल, पण ती वेळेत होणार की नाही, हे गावातच ठरते.