अहो, गॅस बंद आहे ना?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय घरचा आहे आणि हिची परवानगी घेऊनच लिहितोय. "लिहा, पण माझं नाव नको, आणि उगाच रंगवू नका," अशा दोन अटी आहेत. दुसरी अट पाळायचा प्रयत्न करतो.

आधी नातेवाइकांसाठी एक कबुली. २००९ साली कोल्हापूरला भाचीच्या लग्नात आम्ही अक्षता पडून गेल्यावर पोचलो. एसटी बंद पडली होती असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. एसटी उत्तम चालली होती. जयसिंगपूर स्टँडवर गाडी थांबली आणि हिनं माझा दंड धरला. "अहो, गॅस बंद आहे ना?" सांगलीतून निघाल्यापासून सातव्यांदा. मी सहा वेळा हो म्हटलं होतं. सातव्यांदा हिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आम्ही उतरलो. परत सांगलीला गेलो, कुलूप काढलं. शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटर बंद. मग पुन्हा स्टँड, पुन्हा गाडी. वऱ्हाडी जेवून पान खात होते. ताई वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. कुणी हात धूत बसतं, कुणी कुलूप ओढून बघत बसतं, आमच्याकडे गॅस. आपल्या मनातला विचार वेडगळ आहे हे त्या माणसाला कळत असतं, आणि तरीही तो सुटत नाही. हिचं हेच व्हायचं. रात्री चार-पाच वेळा उठून स्वयंपाकघरात जायची. मी अंथरुणातूनच ओरडायचो, "बंद आहे गं, मी बघितलाय!" वीस वर्षं मी हे प्रेमानं करत होतो.

पुढे मुलीनं आग्रह धरला म्हणून एका समुपदेशन केंद्रात गेलो. तिथल्या बाई स्वभावानं फार चांगल्या. ऐकून घ्यायच्या. मग म्हणायच्या, सकारात्मक विचार करा, ध्यान करा, मन दुसरीकडे गुंतवा. पाच-सहा खेपा झाल्या. हिला तिथं बरं वाटायचं, घरी आलं की गॅस. "बोलून काही होत नाही हो," ही म्हणाली आणि आम्ही जाणं बंद केलं. पुढची कित्येक वर्षं आम्ही हेच धरून बसलो, की मानसोपचार म्हणजे पैसे देऊन मारलेल्या गप्पा.

माझं आता असं मत झालंय की यात आपल्या शब्दाचाही थोडा दोष आहे. 'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' बसलेला आहे. मी चौतीस वर्षं मास्तरकी केली, उपदेश हाच माझा धंदा. तेव्हा अनुभवानं सांगतो, उपदेशानं मंत्रचळ जात नाही. शिवाय एकच शब्द वापरल्यामुळे आपल्याला वाटतं, हे सगळं एकच औषध आहे. ते तसं नाही. पोटदुखीला कुणी डोळ्याचे थेंब देत नाही, पण मनाच्या बाबतीत आपण बिनदिक्कत तेच करतो.

बी.ए.ला मला मानसशास्त्राचा एक पेपर होता. त्यात फ्रॉइड आणि पावलॉव्हचा कुत्रा एवढंच लक्षात राहिलेलं. म्हणजे एक माणूस कोचावर पडून बालपणाबद्दल बोलतोय आणि दुसरीकडे कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतंय. या दोन टोकांच्या मध्ये आणि पुढे किती काय झालं ते मला सत्तरी ओलांडल्यावर वाचायला मिळालं.

फ्रॉइडच्या वाटेनं जाणारे खोलात शिरतात. जुनी दुखणी, जुनी नाती आजच्या वागण्यात कशी डोकावतात ते शोधतात. याला वेळ लागतो. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस आधी याच पंथातले. त्यांना ते फार सावकाश वाटलं आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी वेगळी वाट धरली. घटना आपल्याला दुःखी करत नाही, घटनेबद्दल आपण जे धरून बसतो ते करतं, असा त्यांचा मुद्दा. 'मला यश मिळालंच पाहिजे', 'लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे' यातला 'च' त्यांनी पकडला. मराठीत याला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आपल्याकडे रुजवली, मराठीत पुस्तकं लिहिली. एलिस यांचा एक किस्सा मला फार आवडतो. एकोणिसाव्या वर्षी ते मुलींशी बोलायला घाबरत. मग त्यांनी एका बागेत जाऊन बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं असं ठरवलं. शंभरेक जणींशी बोलले. एक भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही! पण भीती गेली. (आमच्या वेळी सांगलीत कुणी हा प्रयोग केला असता तर भीतीबरोबर दातही गेले असते. असो.)

साधारण त्याच काळात फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी उदास माणसाच्या मनात आपोआप येणारे विचार तपासायची पद्धत बसवली. विचार लिहून काढायचा, त्याला पुरावा काय ते बघायचं. शंभर वर्षं जगून बेक २०२१ मध्ये गेले. त्याआधी, १९४० च्या दशकात कार्ल रॉजर्स यांनी सांगितलं, की समोरच्याचं मन लावून, न तोलता ऐकणं हेच औषध होऊ शकतं. यालाही मी आता हसत नाही. माझ्या एका मित्राचा मुलगा अपघातात गेला. त्याला कुठलाही 'च' शोधून द्यायची गरज नव्हती, ऐकणारं माणूस हवं होतं, आणि ते मिळालं. आमच्या पहिल्या बाईही बहुधा याच वाटेच्या असाव्यात. त्यांचं ऐकणं चांगलंच होतं, पण हिच्या दुखण्याला ते पुरणारं नव्हतं.

आणि चौथी वाट वर्तनाची, म्हणजे पावलॉव्हच्या कुत्र्याचे वंशज म्हणा. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला त्याचा आवडता खाऊ देत देत ससा रोज थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पोरगं सशाला कुरवाळायला लागलं. १९६६ मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या दोन रुग्णांचा वृत्तांत छापला. त्यांना इस्पितळात ठेवून, ज्याची भीती वाटते ते समोर आणायचं आणि त्यावरचा विधी मात्र करू द्यायचा नाही, असा तो उपचार. दोघांनाही गुण आला. आज ओसीडीवर औषधांखेरीज सगळ्यात जास्त भरवसा याच पद्धतीवर ठेवतात.

हे सगळं मला कळलं २०२२ मध्ये, पुण्यात. मुलीकडे गेलो असताना आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. ते एम.डी. डॉक्टर, गोळ्या ते देतात. त्यांनी गोळी सुरू केली आणि एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिशीची मुलगी. माझ्या शेवटच्या बॅचमधली शोभेल. तिनं ध्यानबिन काही सांगितलं नाही. एक शिडी काढायला लावली. गॅस एकदाच बंद करून दहा मिनिटं अंगणात बसायचं, याची भीती शंभरात किती? तीस. एकदाच बंद करून मंडईत जाऊन यायचं? साठ. कुलूप लावून दोन दिवस गावाला? ही म्हणाली, "शंभर, आणि वर काही असेल तर ते."

मग ती माझ्याकडे वळली. "काका, त्यांनी विचारल्यावर तुम्ही काय करता?" मी अभिमानानं म्हटलं, "हो, बंद आहे, असं सांगतो. कधी कंटाळा केला नाही." ती म्हणाली, "तेच थांबवायचंय."

तुमच्या 'हो'नं त्यांना दोन मिनिटं बरं वाटतं आणि तिसऱ्या मिनिटाला शंका जास्त भूक घेऊन परत येते. तुम्ही आजाराला वाढताय, काका. असं तिनं अगदी शांतपणे सांगितलं. मला राग आला. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. वीस वर्षांची माझी सेवा एका वाक्यात पाण्यात गेली होती.

पण केलं. पहिल्या आठवड्यात अंगणात दहा मिनिटं बसताना हिचे हात गार पडले. चाळीस मिनिटं गेली तेव्हा आपोआप थोडं कमी झालं, न बघता. हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. माझा अभ्यास त्याहून कठीण होता. "अहो, गॅस..." आलं की म्हणायचं, "याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय." एका रात्री ही रडली, "एवढं एकदा सांगा, इतके कसे निष्ठुर झालात?" मी तोंडानं बोललो नाही, पण मान हलवली. पुढच्या भेटीत हिनंच ते सांगितलं. ती मुलगी हसून म्हणाली, "काका, मान हलवली तरी उत्तरच." कॉपी पकडल्यावर माझ्या विद्यार्थ्यांना कसं वाटत असेल ते तेव्हा समजलं.

आठ महिने लागले. पुढचे पुष्कळसे व्हिडिओ कॉलवर झाले. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. सणावाराला, आजारपणात डोकं वर काढतं. गोळी अजून आहे, कमी मात्रेत. पण रात्री ही झोपते.

म्हणून कुणी विचारलं तर मी एकच सांगतो. मानसोपचार घ्या किंवा घेऊ नका हा प्रश्नच अर्धवट आहे. पहिल्या भेटीत विचारा, तुम्ही कोणत्या पद्धतीनं काम करता, आणि या दुखण्याला तीच का? चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. कुठे जायचं तेच कळत नसेल तर सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ या नंबरवर, मराठीतही बोलतात. आमच्या वेळी हे असतं तर अक्षता चुकल्या नसत्या, पण तो हिशेब आता कुठे मांडायचा.

मागच्या महिन्यात कोल्हापूरला गेलो, ताईकडेच, दोन रात्री राहायला. जयसिंगपूर आलं. ही खिडकीतून बाहेर बघत होती. मी गप्प. ती म्हणाली, "घाबरू नका, काही विचारणार नाहीये." मग थोड्या वेळानं, "तुम्हीच का सारखे घड्याळ बघताय?"

खरं सांगू? निघताना गॅस मी बंद केला होता की हिनं, ते मला आठवत नव्हतं.